समोरचा निवेपर्यंत

"फेतुआओ, बघ, बघ! दोन्ही होड्या एकदमच!"

मी ओरडले आणि हातातला ऑक्टोपस निसटून पाण्यात गेला. ओहोटी होती. मी आणि माझी मावसबहीण फेतुआओ पोवळ्यांच्या बांधावर पोटरीभर पाण्यात उभ्या होतो. त्या बांधातून खुल्या समुद्रात जायला खिंड एकच, आणि ती आमच्या लोतोसिना गावाची आणि पलीकडच्या वाइपूनाची सामाईक. बाहेरून वाइपूनाची 'तावाए' आत येत होती आणि आतून आमची 'तोलोआ' बाहेर निघाली होती. दोन्ही शर्यतीच्या लांबच लांब होड्या, दोन्ही काठांना वल्हेकऱ्यांची ओळ. स्वातंत्र्यदिनाची शर्यत तोंडावर आलेली, त्यामुळे दोन्ही गावांचा सराव जोरात होता.

नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. बाहेरून येणाऱ्या होडीला आधी वाट द्यायची, कारण तिच्या पाठीशी लाट असते, तिला थांबता येत नाही. आमचा तांडेल ताउमाफाई, म्हणजे फेतुआओचाच धाकटा भाऊ, मागच्या टोकाला सुकाणू धरून उभा होता. त्याने तावाए पाहिली. पाहिली आणि हसला. मला एवढ्या लांबून त्याचे दात दिसले.

"सरका रे, वाइपूनाच्या म्हाताऱ्यांनो! होडी आहे की पाळणा?"

"थांब! ताउमाफाई, थांब!" तावाएवरून तोआलेपाई गरजला. तो त्यांचा तांडेल, शिवाय गावातला सर्वांत मोठा मताई, म्हणजे घराण्याचा पुढारी. बाकीचे सगळे मताई त्याच्या शब्दाबाहेर नाहीत.

आमचा कसला थांबतोय! मागून लाटेने तावाएला उचललं, पुढून तोलोआने नाळ घातली आणि असा आवाज झाला, जणू कुणी नीरफणसाचं झाड मुळापासून मोडलं. तावाएची एक बाजू फुटली. वल्ह्यांचे तुकडे उडाले. माणसं पाण्यात पडली. आमच्या होडीला नुसता ओरखडा. ताउमाफाईने वळून मागे पाहिलं, मग तोंड फिरवलं आणि ओरडला, "वल्हवा! काय बघताय? वल्हवा!"

आणि आमची होडी निघून गेली!

फेतुआओ पन्नाशी उलटलेली, दोन्ही गुडघे दुखरे, पण तिने टोपली फेकली आणि सरळ खिंडीच्या पाण्यात उडी मारली. मी काठावर नुसती नाचत होते, "अगं मरशील! अगं मरशील!" करत. ती वर आली तेव्हा तिच्या काखेत एक तरुण पोरगा होता. तोआलेपाईचा मुलगा सिओ. त्याचा उजवा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला होता. आम्ही दोघींनी त्याला बांधावर ओढलं. फेतुआओने मोडक्या वल्ह्याचा तुकडा त्याच्या हाताला लावला, स्वतःच्या लुंगीचा काठ टराटरा फाडला आणि आवळून बांधला. पोरगा दातावर दात घट्ट धरून म्हणाला, "मावशी, शर्यत गेली ना माझी?"

"गप्प बस," ती म्हणाली. "आधी श्वास घे."

संध्याकाळपर्यंत दोन गावांमधल्या ओढ्यावर तरुण पोरं कोयते घेऊन उभी राहिली. तिकडे त्यांची, इकडे आमची. मध्ये गुडघाभर पाणी आणि आमचा एकुलता एक पोलीस, जो दोन्हीकडच्यांचा लांबचा भाऊ लागत असल्यामुळे कुणालाच काही बोलू शकत नव्हता. बायकांनी मुलं घरात घेतली. शाळेची बस ओढ्याअलीकडूनच परत फिरली. पण खरं सांगू, आमच्या काही पोरांचे तर डोळे चमकत होते. त्यांना हाणामारी हवीच होती.

गावच्या बैठकीत ताउमाफाई छाती काढून बसला. "खिंडीत असं होतंच. आणि पोरगा पाण्यात पडलाय हे मला दिसलंच नाही. दिसलं असतं तर थांबलो नसतो का? बरं, उद्या त्यांना फाआमालिए करून टाकतो."

फाआमालिए करणं, म्हणजे रागावलेल्याची, दुखावलेल्याची समजूत घालणं. आमच्या बोलीत हा शब्द दिवसातून दहादा येतो. पण ताउमाफाईने तो असा उच्चारला, जणू ओटी झाडून टाकायची होती.

"कसं करणार?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"डुकरं पाठवतो. चांगली पोसलेली. वर मासळीच्या डब्यांची खोकी. जावई घेऊन जाईल."

"तू नाही जाणार?"

"मी तांडेल आहे. सराव कोण घेईल?"

जावई म्हणजे डॅरेल. ऑकलंडमध्येच जन्मलेला, तिथेच वाढलेला, धिप्पाड, दिलदार, रंगीबेरंगी शर्टांचा शौकीन. सासुरवाडीला महिनाभर आला होता. आमची भाषा त्याला समजायची, पण बोलायला लागला की शब्द अनवाणी खडकावरून चालल्यासारखे लंगडत यायचे. बिचारा रात्रभर एकच वाक्य घोकत होता. सकाळी डुकरं आणि खोकी गाडीत भरून गेला.

तिथे काय झालं ते त्याच्याच तोंडून ऐका. दुपारी तो परत आला तेव्हा शर्टाची दोन बटणं तुटलेली होती.

"मी काही चुकीचं नाही बोललो, आई शप्पथ! त्यांच्या घरासमोर उभा राहिलो. घसा साफ केला. म्हणालो, माझ्या सासऱ्यांनी मला पाठवलंय, तुम्हा सगळ्यांना फाआमलिए करायला."

"काय करायला?" फेतुआओने कान पुढे केला.

"फाआमलिए."

फेतुआओने कपाळावर हात मारला. मग मला हसू आवरेना आणि रडूही येईना. अहो, 'मा' लांबवला तर मालिए, म्हणजे मन निवलेलं, तृप्त. तो आखडला की मलिए म्हणजे शार्क! लेकाने हात मोडलेल्या पोराच्या दारात उभं राहून सांगितलं, मी तुम्हाला शार्क करायला आलोय.

"मग ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"तोआलेपाई म्हणाला, शार्क तर तुमच्याकडे आहे, होडीच्या मागे उभा असतो. मग पोरं धावून आली. मी पळालो. गाडी तिथेच राहिली."

गाडी संध्याकाळी आली. वाइपूनाच्या कुणीतरी ओढ्यापर्यंत आणून सोडली होती. खोकी जशीच्या तशी, डुकरं जिवंत, खाऊन-पिऊन खूश. सोबत निरोप होता, तो पोलिसाने खाली बघत सांगितला. "डुकरं परत. तुमच्या गावातून आलेल्यांपैकी फक्त त्यांनीच मान खाली घातली होती, म्हणून त्यांना कापवलं नाही."

अख्खं गाव पेटलं. "अपमान!" म्हणून पोरं पुन्हा कोयत्यांकडे धावली. ताउमाफाईच्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. तो फेतुआओच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत येरझारा घालत होता. "मी माणूस पाठवला! डुकरं पाठवली! फाआमालिए केलं! आता आणखी काय करायचं राहिलं?"

फेतुआओ आत चटईवर बसून अळूची पानं नारळाच्या दुधात बांधत होती. आमच्या फालेला, म्हणजे घराला, भिंती नसतात, नुसते खांब, त्यामुळे बाहेरचं बोलणं आत आणि आतलं बाहेर. तिने हात धुतले.

"ताउ, इकडे ये. बस."

"ताई, आत्ता नको."

"बस म्हटलं ना."

आमच्याकडे बहिणीचा शब्द मोडत नाहीत. मोडला तर अंगावर फोड येतात असं म्हातारी माणसं सांगायची. ताउमाफाई बसला, पण अर्धवट, कधीही उठता येईल असा.

"तू काय केलंस म्हणालास?"

"फाआमालिए केलं."

"झालं ते?"

"झालं म्हणजे? केलं ना मी!"

"तुझं धाकटं लेकरू रडत होतं तेव्हा तुझी बायको त्याला मांडीवर घेऊन थोपटायची. पोर किंचाळतंय आणि ती म्हणतेय, मी याला शांत केलं बरं का, आता मी झोपते. असं म्हणाली कधी?"

"हे वेगळं, ते वेगळं."

"काही वेगळं नाही. मासा पकडला म्हणायला मासा टोपलीत लागतो. गळ टाकला म्हणजे पकडला नव्हे. हा शब्द तुझ्या तोंडात सुरू होतो, पण संपतो त्यांच्या तोंडात. ते मालिए म्हणाले तर तू फाआमालिए केलंस. तोवर तू नुसती डुकरं फिरवून आणलीस."

मी तिथेच बसले होते. मला हसू आलं आणि ताउमाफाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पानं मोजायला लागले.

"मग करू काय?" तो म्हणाला. आवाज खाली आला होता.

"इफोंगा."

माझ्या हातातलं पान गळालं. इफोंगा म्हणजे पहाटे दुखावलेल्याच्या दारासमोर जाऊन, डोक्यावर बारीक विणीची चटई पांघरून, तोंडातून शब्द न काढता बसायचं. सोबत सरपण आणि चुलीचे दगड न्यायचे. याचा अर्थ सरळ आहे: आम्ही तुमचं डुक्कर, भाजायचं तर भाजा. त्यांनी चटई उचलली तर माफ केलं. नाही उचलली तर बसून राहायचं. आणि राग अनावर झाला तर... तसंही घडलेलं आहे, आमच्या आजोबांच्या काळात.

ताउमाफाई उठलाच. "मी? तोआलेपाईच्या दारात? चटईखाली? ताई, हे खून पडल्यावर करतात! एका हातासाठी?"

"हातासाठी नाही. 'वल्हवा' म्हणालास त्याच्यासाठी."

"मला दिसलं नाही म्हणून सांगितलं ना!"

फेतुआओ त्याच्याकडे बघत राहिली. तो नजर चुकवून निघून गेला. ती माझ्याकडे वळली. "सेने, पहाटे लवकर उठ."

माझं पूर्ण नाव सेनेतेनारी, म्हणजे शताब्दी. चर्चला शंभर वर्षं झाली त्या वर्षी जन्मले म्हणून ठेवलेलं. एवढं लांब नाव फक्त पाद्रीबुवा घेतात.

पहाटे मी गेले तेव्हा फेतुआओ आपल्या लग्नातली चटई काढून बसली होती. रेशमासारखी मऊ, काठाला लाल पिसं. तिच्या आईने आणि आजीने मिळून कित्येक वर्षं विणलेली. गावात तिच्या तोडीची दुसरी नाही.

"तू जाणारेस?" मी विचारलं. "अगं, तूच तर त्या पोराला वाचवलंस!"

"माझ्या घरातल्या माणसाने बुडवलं. चल, सरपण घे."

मी सरपण घेतलं. आम्ही दोघी निघालो. पहिल्या घरापाशी एक म्हातारी बाहेर आली, बघितलं, काही न विचारता दोन दगड उचलून मागे लागली. पुढे आणखी बायका. मग म्हातारे. मग ज्यांच्या हातात आदल्या दिवशी कोयते होते ती पोरंही, रिकाम्या हातांनी, झोपेने सुजलेल्या डोळ्यांनी. डॅरेल पांढराशुभ्र शर्ट घालून आला आणि माझ्या हातातलं सरपण काढून घेतलं. "मी बोलणार नाही," तो कुजबुजला. "देवाशपथ, एक शब्द बोलणार नाही." ओढा ओलांडला तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर निम्मं लोतोसिना आमच्या पाठीशी!

ताउमाफाई मात्र नव्हता.

तोआलेपाईच्या घरासमोरच्या हिरवळीवर आम्ही बसलो. फेतुआओ सर्वांत पुढे. मी तिच्यावर चटई पांघरली आणि मागे सरकले. पूर्वेला उजाडत होतं. कोंबडे आरवले. वाइपूनाची पहिली बाई झाडू घेऊन बाहेर आली, आम्हाला बघितलं, झाडू टाकला आणि ओरडत पळाली, "इफोंगा! इफोंगा आलाय!"

दोन क्षणांत सगळं गाव गोळा झालं. पोरं कोयते घेऊन आमच्याभोवती गोल फिरायला लागली. एकाने सुका नारळ भिरकावला, तो माझ्या गुडघ्याला घासून गेला. मी हू की चू केलं नाही. तोआलेपाई घरात खांबाला टेकून बसलेला दिसत होता. ताठ, डोळे मिटलेले. उठेल तर काय करेल, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

आणि तेवढ्यात मागून धापा टाकत कुणी तरी पळत येत असल्याचा आवाज! ताउमाफाई! उघडा, लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली, दोन्ही हातांत चुलीचे दगड. कोयतेवाली पोरं पुढे झाली. तो त्यांच्यामधून तसाच गेला, जणू ती गवताची पाती होती, आणि चटईसमोर गुडघ्यांवर आदळला.

"ताई, बाहेर ये. ही माझी जागा."

चटईखालून आवाज आला, "उशीर केलास. आता सरकून बस."

"ताई, ऐक ना!"

"सरक म्हटलं ना."

तो चटईखाली शिरला. चटई दोघांना पुरेना. त्याचे ते दांडगे पाय मागून बाहेर राहिले, चिखलाने माखलेले. वाइपूनाच्या बायकांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंडावर हात घेतला.

सूर्य वर आला. घाम पाठीवरून ओघळत होता. तोआलेपाई हलेना. शेवटी त्याची बायको पिसिला घरातून बाहेर आली. बारकीशी बाई, पण चालत आली तशी गर्दी दुभंगली. ती चटईसमोर मांडी घालून बसली.

"आत कोण आहे?"

"फेतुआओ."

पिसिला पुढे वाकली. "बाई, तू का? माझ्या लेकाच्या हाताला तुझ्याच लुंगीचा काठ बांधलेला आहे अजून."

"माझा भाऊ आहे हा," फेतुआओ म्हणाली. "याची लाज ती माझी लाज."

"आणि तो? त्याला तोंड आहे की नुसते पाय?"

ताउमाफाईने घसा खाकरला आणि सुरू केलं, बैठकीत बोलतात तसं, भारदस्त. "हे थोर घराण्यांनो, ज्यांच्या पूर्वजांनी..."

"भाषण नको!" पिसिला कडाडली. "भाषणं माझ्या घरात पोत्याने पडलीत. मला एवढंच सांग. माझं पोरगं पाण्यात होतं तेव्हा तू मागे वळून बघितलंस. तुला काय दिसलं?"

बांधावर फुटणारी लाट ऐकू येत होती. मी मनात म्हटलं, आता हा म्हणेल, काही दिसलं नाही, आणि संपलं सगळं.

"दिसला," चटईखालून आवाज आला. दबका, फाटलेला. "त्याचा हात दिसला. वाकडा झालेला. मला वाटलं, थांबलो तर चूक माझी ठरेल. म्हणून म्हणालो, वल्हवा. गावाला सांगितलं, दिसला नाही. ते खोटं होतं."

आमच्याच माणसांमधून "अरे देवा" असा सुस्कारा उठला. तिकडे वाइपूनाची पोरं खवळली. "ऐकलंत? ऐकलंत?" कोयते वर गेले. तोआलेपाई उठला. घराच्या पायऱ्या उतरून खाली आला आणि त्याने वाटेतला एक दगड उचलला. डॅरेलने डोळे घट्ट मिटले. मी पुढे सरकून फेतुआओच्या पाठीवर हात ठेवला, चटईवरूनच.

पिसिलाने नवऱ्याकडे मान वळवली नाही. "आता खरं बोललास," ती ताउमाफाईला म्हणाली. "काल डुकरं खोटं बोलून गेली." मग तिने हाक मारली, "सिओ! बाहेर ये. हात तुझा मोडलाय, तूच सांग."

सिओ आला. हात गळ्यात अडकवलेला, चेहरा उतरलेला. तो कितीतरी वेळ त्या चिखलाच्या पायांकडे बघत होता.

"मला शर्यतीला जायचं होतं," तो म्हणाला. "होडी फुटली. अख्ख्या गावाची शर्यत गेली. याने माफी मागितली म्हणून होडी थोडीच जुळणार आहे?"

"आमची घ्या!"

चटई उसळली. ताउमाफाईने डोकं बाहेर काढलं होतं, रीत सोडून. "तोलोआ घ्या! तुमच्या नावाने उतरवा, तुमचा झेंडा लावा. तोआलेपाई, सुकाणू तुमच्या हाती. मला कुठल्याही वल्ह्यावर बसवा. नाहीतर नका बसवू!"

आमच्याकडे एकच गिल्ला झाला! "होडी काय तुझ्या बापाची?" आमचा एक म्हातारा ओरडला. "गावाची आहे!" दुसरा म्हणाला, "आणि आम्ही काय काठावरून टाळ्या वाजवायच्या?" तिथेच, माफी मागायला आलेले लोक आपापसांत भांडायला लागले! मला राहवेना. मी उठून उभी राहिले. "सराव सुरू झाल्यापासून त्या होडीतल्या प्रत्येक पोटात आम्हा बायकांनी रांधलेलं गेलंय. आम्ही म्हणतो, द्यायची! काय गं?" मागून बायका गरजल्या, "द्यायची!" आता म्हाताऱ्यांची काय बिशाद? आणि डॅरेलने शपथ मोडून दोन्ही हात वर केले, "हो! द्यायची!"

वाइपूनावाले आधी बघतच राहिले. मग हसायला लागले. आधी बायका, मग पोरं. तोआलेपाईच्या हातात दगड तसाच होता. त्याने तो बघितला, जणू कुणी हातात ठेवला तेच आठवत नव्हतं, आणि खाली टाकला. तो पुढे आला, वाकला आणि दोन्ही हातांनी चटई उचलली.

"मालिए," तो म्हणाला.

"मालिए," पिसिला म्हणाली. सिओने नुसती मान हलवली, पण ओठ हलले.

फेतुआओचे केस विस्कटलेले, तोंड लालबुंद. ती उठायला गेली तर दुखऱ्या गुडघ्यांनी साथ सोडली. पिसिलाने तिला काखेत हात घालून उठवलं. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि त्यांच्याबरोबर आम्ही सगळ्याच. ताउमाफाई जमिनीकडे बघत उभा होता. तोआलेपाईने त्याचा खांदा धरून त्याला घरात नेलं, आवा, म्हणजे मुळीचं मानाचं पेय, घोळलं गेलं आणि पहिली वाटी ताउमाफाईला दिली.

दुसऱ्याच सकाळपासून सराव! होडीत निम्मे ते, निम्मे आपले. पहिले दोन-तीन दिवस वल्ह्यांवर वल्ही आपटत होती. तोआलेपाई ठेका संथ धरायचा, आमच्यांना घाई. "लोतोसिनावाल्यांनो, बायको बाळंत झालीय का? कुठे पळताय?" तो मागून ओरडायचा. ताउमाफाई नाळेजवळच्या वल्ह्यावर बसायचा. जो माणूस आयुष्यभर मागे उभा राहून इतरांना ओरडला, त्याच्या तळहाताला फोड आले. रोज संध्याकाळी फेतुआओ त्यावर पानांचा रस लावायची आणि तो पोरासारखा "स्स" करायचा. त्याच्यासमोर सिओ बसायचा, गळ्यात हात अडकवलेला, दुसऱ्या हाताने पत्र्याच्या डब्यावर ठेका धरत.

शर्यतीच्या दिवशी दोन्ही गावांच्या बसगाड्या एकामागोमाग राजधानीला, आपियाला गेल्या. समुद्राच्या कठड्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मी, फेतुआओ आणि पिसिला कोपरांनी वाट काढत अगदी पुढे पोहोचलो. होड्या बाहेर, क्षितिजावर, काड्यांसारख्या. मग त्या वळल्या आणि बंदराकडे यायला लागल्या.

"आपली कुठली? आपली कुठली?" पिसिला उड्या मारत होती.

"पिवळा झेंडा! चौथी! नाही, तिसरी!"

"अगं, तिसरीच! वल्हवा रे! वल्हवा!" मी ओरडले आणि कुणाच्या तोंडचा शब्द आहे हे लक्षात येऊन जीभ चावली. पण फेतुआओ माझ्यापेक्षा मोठ्याने तेच ओरडत होती.

डॅरेल कठड्यावर चढला आणि त्याने ऑकलंडची सगळी ताकद घशात आणली. होड्या बांध ओलांडून आत आल्या. आता माणसं दिसायला लागली. सगळ्या पाठी एकदम वाकत होत्या, एकदम ताठ होत होत्या. कोण वाइपूनाचा, कोण आमचा, मला ओळखू येईना. सिओ डब्यावर तुटून पडला होता. तिसरीची दुसरी झाली! पहिलीच्या शेपटीला नाळ लागली! पिसिलाने कठड्यावरून खाली पाण्यातच उडी टाकली, तिच्या मागोमाग फेतुआओ, गुडघे-बिडघे विसरून, आणि मग मी तरी कशी मागे राहते? कमरेभर पाण्यात उभ्या राहून आम्ही तिघी लाटांवर थापट्या मारत होतो, जणू त्यानेच होडी पुढे सरकणार होती.

वल्ह्याच्या पात्याएवढ्या अंतराने हरलो.

वाइपूनाचा क्रमांक याआधी वरच्या पाचातही कधी लागला नव्हता. लोक असे नाचले, जणू पहिलेच आलो. सिओला खांद्यावर घेऊन बंदरभर मिरवलं, आणि तो "हात! माझा हात!" म्हणून बोंबलत होता. त्याचा हात पुढे जुळला, किंचित वाकडा, पण वल्हं धरता येईल इतका.

परतीच्या बसमध्ये दोन्ही गावं मिसळून बसली होती. माझ्या पुढच्या बाकावर ताउमाफाई आणि तोआलेपाई.

"शेवटच्या वळणाला ठेका वाढवायला हवा होता," ताउमाफाई म्हणाला.

"तू ठेक्याच्या आधी वल्हं टाकत होतास. मी मागून बघत होतो."

"मी? अहो, मी एकटाच ठेक्यात होतो!"

"मग उरलेले सगळे काय झोपेत होते?"

आवाज चढायला लागले. पिसिला घाबरून फेतुआओकडे वळली. "बाई, आता काय करायचं?"

"भांडू दे त्यांना," फेतुआओ म्हणाली. तिची ओली लुंगी अजून पायांना चिकटलेली होती. "भूक लागली की थांबतील." आणि तिने मांडीवरची टोपली उघडून भाजलेला तारोचा कंद मोडला, एक तुकडा पिसिलाला, एक मला, आणि एक पुढच्या बाकावर, दोघांच्या मध्ये, ठेवून दिला.